पिशोरकरांनी न पाहिलेलं शेवटचं गाणं

मावशीचा फोन आला आणि मी जायचं ठरवून टाकलं. संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्सला तिच्या तरुणपणीचा संगीतपट पुन्हा लागला होता. तो तिने तीनदा पाहिला होता, पण शेवटचं गाणं एकदाही नाही. तेव्हा तिच्या गावाची, पिशोरची, शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आधी सुटायची. नायिका गाण्यासाठी जिना उतरू लागली की पिशोरकर रांगेने उठत आणि पिशव्या सावरत स्टँडकडे पळत. संस्कृत नाटक भरतवाक्यावर, म्हणजे शेवटच्या मंगलश्लोकावर, संपतं. पिशोरकरांचं भरतवाक्य म्हणजे कंडक्टरची घंटी.

"पंडित, अवंदा बघूनच टाकू," मावशी म्हणाली. मी संस्कृत शिकलो, हा अपराध ती अजून विसरलेली नाही.

नाशिकहून सकाळची रेल्वे बरी. लासूर स्टेशन गेलं की सामान उतरवायला घ्या. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. उतरताना विचारलंत तर रिक्षावाला तत्त्वचिंतक होतो. आणि जेवून जा. आतल्या पॉपकॉर्नच्या दरात बाहेर पोटभर नान-खलिया मिळतो.

मावशीला तिचा मुलगा दिलीप नव्या गाडीतून घेऊन आला. मावशीने ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. "आता यष्टीची भानगड नाय," ती म्हणाली, "घरची गाडी हाय."

सिनेमाभर ती हलक्या आवाजात गात होती. मध्येच माझा हात दाबून म्हणाली, "मोबाइलवर ही मुंगीएवढी दिसती रे. इथं बघ, कशी देवीवानी." दिलीप पलीकडे फोन चाळत होता.

नायिका जिन्याच्या वरच्या पायरीवर आली आणि दिलीप उठला.

"माय, चल. नंतर पार्किंगमधून गाडी निघायची नाय."

"अरे, एक गाणं राहिलंय," मी म्हणालो.

"दादा, तुमचं बरंय. मला घरी कामं हायेत."

"ओ भाऊ, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं.

"मावशी, तू बस. मी तुला पिशोरला पोचवतो."

तिने पिशवी उचललीच होती. "नको, पंडित. तू जाशील नाशकाला. मला त्याच्याच घरी ऱ्हायचंय."

दारापाशी ती एकदा वळली. मल्टिप्लेक्सचे दरवाजे उत्तम असतात. बंद झाले की आत गाणं चालू आहे, अशी शंकाही येत नाही.

पार्किंग रिकामं होतं. फुलंब्रीपर्यंत रस्ता छान आहे, पुढे कंबर सांभाळा. मीही मुक्कामाला त्यांच्याच गाडीत बसलो होतो. पिशोरला पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. दिलीप ओट्यावर बसला आणि अंधार पडेपर्यंत रील बघत राहिला.

"कामं होती ना?" मी विचारलं.

"व्हतील की." मग आत बघून ओरडला, "माय, त्ये गाणं यूट्यूबवर हाय. पाठवू का?"

"पाठव," मावशी चुलीपाशी बसून म्हणाली. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला परतलो. मातीची भांडी, हिमरू शाल असं काहीबाही लोक संभाजीनगरहून आणतात. मी एक तिकीट आणलं, अर्धं फाडलेलं. सिनेमा गुरुवारपर्यंत होता, म्हणून मावशीला फोन केला. म्हटलं, आपण दोघंच जाऊ, मी टॅक्सी करतो.

"नको रे," ती म्हणाली. "यष्टी व्हती तवाच बरं व्हतं. तिचा राग येत नव्हता."