एक अब्ज नऊ

संध्याकाळी माझ्या शिलाईच्या दुकानाशी येऊन मल्हारीअण्णा आधी एक आकडा सांगायचे आणि मगच बसायचे. "आज सतरा हजाराच्या पुढं गेलो, सुमन. अजून फुटंना." गिऱ्हाईक बावचळून माझ्याकडे बघायचं. हुलसूरच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर एक अब्ज नऊ या संख्येला कशाने भाग जातो का ते पाटीवर तपासतायत, हे ब्लाऊजचं माप घेता घेता मी कुणाकुणाला समजावणार?

त्याआधी एक अब्ज सात झाली होती. तेव्हा काकू, अण्णांच्या बायको, होत्या. काकू पाढे म्हणायच्या, अण्णा वजाबाकी करायचे. वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे एकतीस हजार सहाशेच्या जरा पुढपर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. तिथवर भाग गेला नाही तर पुढेही जात नाही. ती मूळ निघाली. मग काकू गेल्या.

"दोन घरं सोडून नऊ बसलीय," अण्णा म्हणायचे. "तीबी मूळ निघाली तर दोघी जुळ्या. मधी एक सम संख्या ऱ्हाती, म्हणून चिटकत न्हाईत, पण जोडी हाय. सात एकटीच हाय का तिला कुणी हाय, एवढं मला कळू दे." माणसाचं दुःख कुठे जाऊन बसेल, काही सांगता येत नाही बाई!

मोबाईलला विचारू का म्हटलं तर भडकले. "त्याला कामून इच्चारायलीस? त्याला काय पडलंय तिचं?"

एका दुपारी आले ते आकडा न सांगताच बसले. "फुटली गं. बाकी शून्य आली." नंतर दोन दिवस दार बंद. डबा पाठवला, तो तसाच परत. माझा जीव राहीना. मोबाईलवर संख्या घालून पाहिली. मूळ होती!

आता सांगायचं कसं? पाटी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. "तोच भागाकार परत करू. पाढे मी म्हणते." अण्णा लहानपणी कानडी शाळेत शिकले होते, वजाबाकी अजून कानडीतच करायचे. तोंडाने 'ऐवत्तोंबत्तु' म्हणाले, म्हणजे पन्नास आणि नऊ, आणि पन्नासाच्या नादात हाताने एकोणपन्नास लिहून मोकळे! काकू असत्या तर तिथल्या तिथे हटकलं असतं. "एकोणसाठ, अण्णा," मी म्हटलं. त्यांनी आकडा पुसून पुढे केलं. बाकी उरली.

ते माझ्याकडे बघत राहिले. "बघितलीस व्हय मोबाईलमधी?"

मी मान खाली घातली.

"बघितलीस तर बघितलीस. मला सांगू नको. उद्या येशील का पाढे म्हणायला?"

मग दुकान उघडायच्या आधी रोज जात राहिले. अण्णा हळू करायचे, मीही घाई केली नाही. एकतीस हजार ओलांडले आणि थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर पुतण्या कुलूप लावून किल्ली माझ्याकडे ठेवून गेला. मी कुलूप उघडून पाटी काढली. उत्तर ठाऊक होतं, तरी राहिलेले भागाकार एकेक करत गेले. पाढेही माझेच, वजाबाकीही माझीच. शेवटी एकतीस हजार सहाशे सातने भागलं. बाकी उरली.

"निघाली हो अण्णा, जोडी निघाली!" मी मोठ्याने बोलून गेले. घरात कुणी नव्हतं.