सुकटीकडची खिडकी

भावनाला घरं बदलायची इतकी सवय झाली होती की भिंतीत खिळा ठोकतानाही तिचा हात हलका पडायचा. ठाकुर्लीतल्या भाड्याच्या खोल्या. अकरा महिने झाले की नवा करार, नवा मालक, टेम्पोवाला मात्र तोच. तो आता इतका घरचा झालेला की कपाट उचलताना दरवेळी विचारायचा, "वहिनी, हे धूड कायमचं कुठं ठेवायचं ते एकदा ठरवा ना!"

खरं तर ती इथलीच, मानपाडा गावातली, भिवा आगऱ्याची लेक. वागळे इस्टेटमध्ये औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात कामाला लागली आणि तिथल्या मशीनवरच्या राजरत्नशी लग्न करून बसली. राजरत्न बुलढाण्याकडचा, बौद्ध घरातला. गावात बोंब झाली. भिवा तिच्याशी कित्येक वर्षं बोलला नाही. पुढं बोलायला लागला तोही "जेवलीस कं?" एवढंच. आणि मग एक दिवस तो गेलाच.

यंदा मात्र नवराबायकोने कंबर कसली. बँकांचं व्याज जरा उतरलं होतं. शीळ रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि खांबागणिक आजूबाजूच्या फ्लॅटचे भाव चढत होते. आज नाही घेतलं तर पुढं नुसतं बघायलाच जायचं, हे दोघांनाही कळत होतं. कारखान्यातल्या अकाउंटच्या साहेबांना राजरत्नने विचारलं, "गृहकर्जावर टॅक्सात सूट मिळते म्हणतात?"

साहेब हसले. "अरे, तुझ्या पगाराला टॅक्सच लागत नाही. सूट कशातून देणार, माझ्या खिशातून? तू ती व्याजाची सबसिडी बघ, केंद्राची. पहिलंच घर पाहिजे, बस्स."

पहिलंच घर! यांच्याइतकं पहिलं कुणाचं असणार?

फ्लॅट सापडला तो मानपाड्यातच, भावनाच्या माहेराला अगदी लागून. पहिला मजला, एक खोली नि स्वयंपाकघर, कागदपत्रं चोख. प्रभाकर नावाचा एजंट आधी एकटा आत जाऊन उदबत्ती लावायचा आणि मगच गिऱ्हाइकाला बोलवायचा. मागची खिडकी चिकटपट्टीने बंद केलेली.

"ही का बंद?" भावनाने विचारलं.

"धूळ मॅडम, धूळ! मेट्रोचं काम चाललंय ना."

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत होती. वर सबसिडी धरली तर हप्ता पगारात जेमतेम बसत होता. भावनाने मनातल्या मनात भिंतीला खिळाही ठोकला, चांगला जोरात.

सांगायला म्हणून ती तशीच माहेरी गेली. आई, कमळाबाई, मागच्या खळ्यात वाळत घातलेले बोंबील उलटत बसलेली. पावसाळ्याची बेगमी होती ती. बाजूला जवळ्याचा गुलाबी गालिचा पसरलेला आणि कावळे हाकायला काठी. धाकटा भाऊ कमलेश तिथंच खाटेवर पडून मोबाइल बघत होता. भावना आईच्या शेजारी बसली, हात आपोआप बोंबलांकडे गेले. तिने सगळं सांगितलं.

कमलेश उठून बसला. "ताई, पहिलं घर कसं तुझं? तुझं नाव हाय ना या घरावर."

"माझं? कुणी घातलं?"

"बाबांनी. जुनं पाडून हे स्लॅबचं बांधलं तेवा. तुझं नि माझं, दोघांचं."

तिच्या हातातला बोंबील तसाच राहिला. आगऱ्यांत पद्धत अशी, की वाटणीच्या वेळी बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात, भाऊ साडी नेसवतो, सगळी मटण जेवून घरी जातात. तिला तर सहीलाही कुणी बोलावलं नव्हतं. परजातीत गेली, आपलं नाव बाबांनी आपसूक काढलं असणार, असं ती धरून चाललेली.

"काका लोकांनी लय तोंड वाजवलं," कमळाबाई म्हणाली. "पोरगी गेली, आता नाव कशाला? तर तुझा बाप उठून उभा राह्यला. बोलला, मी तिच्याशी बोलत नाय म्हनून ती माझी नाय कं?"

"मग मला का नाय सांगितलं गो आये?"

"त्याला लाज वाटं. आनि मला वाटलं, तुला ठाव हाय."

बापाने रागात असताना लेकीला घर दिलं होतं, आणि त्याच घराने तिची सबसिडी खाल्ली होती. हसावं का रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

प्रभाकरला तिने फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, घर नाही म्हणून लिहून द्या. कोण बघतंय?"

"मी बघते ना."

"मग हक्कसोड करून टाका, भावाच्या नावावर. नंतर बघू कसं बसवायचं ते."

कमलेशने हे ऐकलं नि बहिणीकडे बघितलं. "तू बोललीस तर मी करीन, ताई. पण साडी घ्यायला मी नाय जाणार. ती तुझी तू आन."

रात्री राजरत्न एवढंच म्हणाला, "माझ्या सासऱ्याने आपल्याला दिलेली एकच गोष्ट आहे ती. मला तर आजच कळलं की त्यांनी काही दिलं होतं. राहू दे." मग दिवा मालवत म्हणाला, "फ्लॅट दुसरा बघू. लहान."

यापेक्षा लहान म्हणजे टेम्पोवाला उचलतो ते कपाटच. भावनाला झोप लागेना.

रविवारी ती आईकडे पुन्हा बोंबील उलटायला गेली. ऊन तापलेलं, वास घमघमत होता. तिच्या नाकाला तो कधी वास वाटलाच नव्हता. कावळा हाकायला तिने मान वर केली आणि नव्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर चिकटपट्टी लावलेली खिडकी दिसली. बरोबर खळ्याच्या डोक्यावर. उदबत्तीचं कोडं तिथंच सुटलं.

ती हातसुद्धा न धुता बिल्डरच्या ऑफिसात गेली. बिल्डर होता, प्रभाकरही होता.

"तो फ्लॅट किती दिवस पडून आहे?"

प्रभाकर छताकडे बघायला लागला. बिल्डरच वैतागून म्हणाला, "बाई, तीन पार्ट्या टोकन परत घेऊन गेल्या. खिडकी उघडली की पळतात. त्या खालच्या म्हातारीला किती वेळा सांगितलं..."

"ती माझी आई."

बिल्डरने तिच्या हातांकडे बघितलं आणि खुर्ची पुढं सरकवली.

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना!" प्रभाकर हात जोडून म्हणाला.

"ती नाय थांबायची. तिच्या सासूपासून तिथं सुकवतात, तुमची बिल्डिंग आत्ता आली. भाव कमी करा, मी घेते."

"पण मॅडम, तुम्ही आगरी. तुम्हाला कसला त्रास वासाचा?"

"मला नाय. तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना होतो ना! त्यांच्यासाठी तुम्ही किती वर्षं उदबत्त्या लावणार?"

बिल्डर हसला. आधी नाकातल्या नाकात, मग मोकळा. चहा मागवला गेला, दोनदा. सबसिडीएवढा भाव काही उतरला नाही. पण पार्किंगचे आणि सोसायटीचे वरचे पैसे त्याने सोडले, किंमत थोडी खाली आणली, आणि उरलेली फट राजरत्नच्या ओव्हरटाइमने बुजेल एवढी राहिली.

चावी मिळाली त्या दिवशी टेम्पोवाल्याने कपाट वर चढवलं आणि हात झटकत म्हणाला, "आता माझा धंदा बसला."

भावनाने खिडकीची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. ऊन आत आलं, वासही आला. राजरत्नने नाक मुरडलं, मग तिच्याकडे बघून सरळ केलं. तेवढ्यात खालून कमळाबाईची हाक आली.

"गो भावने! वरनं दिसतं कं बग, त्या कोपऱ्यात कावला बसलाय कं?"

"बसलाय गो आये, मांदेलीवर!"

"मग हाक ना त्याला, बगतेस काय!"

भावना खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली.