सरांनी सोललेली बॅटरी

आमच्या घरात एक माणूस आहे, त्याला जगातलं सगळं ठाऊक आहे. नाव सांगत न्हाय. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत न्हाय, आणि जे झालं त्यानंतर बरेच दिवस घ्यावंसंही वाटलं न्हाय. लोहाऱ्यात सगळे त्यांना सर म्हणतात. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाले. मी प्राथमिकची बाई, मीपण रिटायर. फरक एवढाच, की मी शाळेतून घरी आले आणि ते शाळाच घरी घेऊन आले.

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ‘मला ठाऊक न्हाय’ असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं न्हाय. रस्ता चुकले तरी चुकलो म्हणायचे न्हाईत, “इकडचाही भाग बघून ठेवावा” म्हणायचे. मंडपात भटजीची चूक काढायचे, पंचांग बघणाऱ्याला भर चौकात गप्प करायचे. भोंदू बाबा गावात आला की हे पिशवीत लिंबू, हळद, चुना घेऊन हजर. लिंबातून रक्त कसं काढतात ते पोरांना करून दाखवायचे. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मला साखरेचा आजार. चढते ती चढते, पण उतरते तेव्हा सांगून उतरत न्हाय. एकदा ओट्यापाशी उभ्या उभ्या कोसळले. तेव्हापासून माझं एकटीनं बाहेर पडणं बंद झालं. शेजारच्या गल्लीत निघाले तरी मागून यांच्या चपलांचा आवाज. सकाळी माळाच्या रस्त्यानं एकटीनं फिरून यायची माझी सवय, नोकरीत असल्यापासूनची. तेवढा एक तास माझा असायचा. तोही गेला, आणि त्याचं दुःख मला आजारापेक्षा जास्त होतं.

मग पुण्याहून लेक आला आणि माझ्या दंडावर एक बिल्ला चिकटवून गेला. दोन रुपयांच्या नाण्याएवढा. त्याला खाली केसासारखी बारीक तार, ती कातडीत राहते. फोन बिल्ल्याजवळ नेला की फोन गुर्र करतो आणि साखरेचा आकडा दाखवतो. सुई टोचायची तकलीफ न्हाय. डॉक्टरांनी सांगितलं, “सकाळी आकडा शंभराच्या वर असला तर खुशाल एकट्या फिरायला जा. खाली असला तर आधी खा, मग जा.” म्हणजे माझा तास मला परत मिळाला, फक्त एका आकड्याच्या परवानगीनं.

आता फोन कुणाचा? यांचा. लेकानं वापरून दिलेला, जुना, पाठ नखानं उघडते अशा काळातला. माझ्याकडं बटणाचा. आणि चष्म्याशिवाय मला ते बारीक दिसत न्हाय. तेव्हा बिल्ल्याला फोन लावायची जिम्मेदारी सरांकडं गेली. रोज सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, पूजेला बसावं तसे माझ्या दंडापाशी यायचे. आणि आकड्याच्या आधी तास.

“बिल्ल्याला स्वतः बोलायची ताकद नाही, लक्षात घे,” ते म्हणायचे. शिकवताना ते पुस्तकी बोलतात. “फोनच्या पाठीत तारेचं वेटोळं आहे. त्यातून वीज पुढंमागं फिरते, आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बिल्ल्यातही वेटोळं आहे. ते या क्षेत्रात आलं की त्यात वीज उठते, आणि तेवढ्या विजेवर तो आपली माहिती फोनला सांगतो. आपल्या गल्लीतल्या डीपीत, त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, काय असतं? दोन वेटोळी. त्यांना जोडणारी तार नसते, तरी वीज इकडून तिकडं जाते. तेच हे. फक्त अंतर दोन बोटांचं पाहिजे. लांब गेलं की संपलं.”

हे मी रोज ऐकलं. दूधवाल्यानं ऐकलं, भाजीवालीनं ऐकलं. एकदा तर कॅलेंडरच्या पानामागं त्यांनी वेटोळ्याची आकृती काढली, चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन, आणि ते पान स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं. मला पाठ व्हावं म्हणून. झालंही.

हे असं छान चाललेलं असताना त्यांच्या फोनवर तो मेसेज आला.

रिटायर लोकांचा एक ग्रुप आहे. सकाळी सगळ्यांना फुलं पाठवतात, दुपारी देश वाचवतात. मेसेजमध्ये लिहिलं होतं, की तुमच्या फोनच्या बॅटरीवरचा कागद सोलून बघा, आत एक चिप लपवलेली आहे, ती तुमचं बोलणं आणि फोटो परदेशात पाठवते, आजच काढून टाका आणि दहा जणांना कळवा. खाली हात जोडलेले.

अंगाऱ्याधुपाऱ्याचा मेसेज असता तर यांनी पाठवणाऱ्याची चंपी केली असती. पण मेसेजमध्ये ‘चिप’ होतं, ‘सिग्नल’ होतं, म्हणजे ते विज्ञान झालं. संध्याकाळी तहसीलजवळच्या हॉटेलात चहाच्या टेबलावर हे बसले, दाढीचं पातं घेतलं आणि आपल्या बॅटरीचा कागद सोलला. सोलला तर खरंच त्याला आतून काहीतरी चिकटलेलं! पातळ, तांबूस रेघारेघांचं. सगळे ‘आरारारा’ करत उठून उभे राहिले म्हणे. मग आणखी तिघांनी आपापल्या बॅटऱ्या पुढं केल्या. एकाच्या कागदाखाली तसंच निघालं, दोघांच्या खाली नुसतं कोरं पत्र्याचं अंग. त्या दोघांना सरांनी सांगितलं, “तुमची जास्त खोल बसवलीय.”

घरी आले ते छाती काढून. चष्म्याच्या डबीत तो सोललेला कागद, पुरावा म्हणून. मला वेळ नव्हता बघायला, भाकरी तव्यावर होती. “बरं झालं बाई,” म्हटलं, “माझं भाकरी थापणं परदेशात कशाला कळायला पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन दंडाला लागला, पण गुर्र झालं न्हाय.

“आवाज आला न्हाय तो?”

“बंद केला. बॅटरी वाचते,” ते म्हणाले. जरा वेळ फोनकडं बघत राहिले. मग म्हणाले, “एकशे अठरा.”

मी फिरायला गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे एकवीस. तिसऱ्या दिवशी एकशे एकोणीस. आणि हो, तास बंद. वेटोळं न्हाय, क्षेत्र न्हाय, डीपी न्हाय. मला वाटलं, सुटले एकदाची. आकड्यांचंही कौतुक वाटलं. एरवी माझी साखर आज शहात्तर, उद्या दोनशे चौदा, अशी उंडारणारी. तिला एकदम शिस्त कशी लागली, हा विचार मनात आला न्हाय असं न्हाय. मी प्राथमिकची बाई. साहेब तपासणीला येणार म्हटलं की हजेरीपट कसा गोंडस दिसायला लागतो ते मला चांगलं माहीत आहे. पण नवऱ्यावर तसला संशय कोण घेतं?

चौथ्या दिवशी एकशे बावीस. मी निघाले. माळाच्या रस्त्याला दोन्हीकडं तूर उभी होती, हवा गार होती, आणि मला घाम फुटला. पुढं हात कापायला लागले. डोळ्यांपुढं तूर पिवळी का हिरवी ते कळेना. रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले आणि मनाशी म्हटलं, अगं, एकशे बावीस आहे, उगं घाबरतीस. ऊठ. उठता येईना. पदराला गूळ बांधायची माझी जुनी सवय, तीही चार दिवसांत मोडली होती, आकडा चांगला म्हणून.

एक प्रवासी जीप आली नि थांबली. ड्रायव्हर माझ्याच हाताखाली तिसरीत शिकलेला. “बाई, तुमी हितं काय बसलाव?” मला बोलता येईना. जीपमध्ये तुळजापूरहून दर्शन करून परत निघालेली एक म्हातारी होती. तिनं माझा चेहरा बघितला आणि एक सवाल न विचारता पिशवीतला पेढा माझ्या तोंडात कोंबला. मग दुसरा. “खा गं माय, आईचा परसाद हाय.” जन्मभर देवाधर्माची टिंगल करणाऱ्या सरांची बायको, त्यांच्या आकड्यानं मरायला टेकलेली, देवीच्या पेढ्यावर उठून बसली. मला त्याही अवस्थेत हसू आलं.

घरी आले. कपाटातलं जुनं सुई टोचायचं मशीन काढलं, बोट टोचलं. एकाहत्तर. दोन पेढे पोटात असताना एकाहत्तर! पेढ्यांच्या आधी किती असेल, ते त्या म्हातारीच्या देवीलाच ठाऊक.

“फोन आणा,” मी म्हटलं. “माझ्या डोळ्यांदेखत लावा.”

मी चष्मा घातला. त्यांनी फोन दंडाला लावला. वर केला, खाली केला, आडवा केला. फोन ढिम्म.

“चार दिवस काय वाचत होता मग?”

“अंदाज होता,” ते म्हणाले. “काल काय खाल्लंस, किती चाललीस, यावरून काढलेला. अगदीच हवेतला नव्हता.”

“अंदाज पंचांगवालापण काढतो!” मी ओरडले. शेजारची दारात आली असेल, येऊ दे. “तो निदान समोरच्याला एकटीला माळावर धाडून देत न्हाय!”

रागानं मला रडू फुटलं. मरायची भीती वाटली होती ती मोरीवरच वाटून गेली होती. हे रडू वेगळं होतं. ज्या माणसाच्या शब्दावर मी गूळ घरी ठेवून निघाले, तो माणूस चार सकाळी पांढरा शर्ट घालून माझ्या दंडापाशी खोटं बोलला होता.

जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, “ते परदेशात बोलणं पाठवणारं काय ते दाखवा.” त्यांनी चष्म्याची डबी उघडली. सोललेला कागद मी खिडकीपाशी धरला. तांबूस रेघा. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. मी उठले, खिळ्यावरचं कॅलेंडरचं पान काढलं आणि त्यांच्या पुढ्यात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.

“ओळखा, सर,” म्हटलं.

तीस वर्षं फळ्यावर वेटोळी काढलेला माणूस. तांब्याची तार खिळ्याला गुंडाळून हजारभर पोरांना दाखवलेला माणूस. खरंखुरं वेटोळं हातात आलं तेव्हा पात्यानं सोलून काढलं. त्या फोनच्या पाठीतलं वेटोळं पाठीत नव्हतंच, बॅटरीच्या कागदाखाली होतं. तेवढं एक त्यांना माहीत नव्हतं.

“का सांगितलेत आकडे?” मी विचारलं. “बंद पडलंय म्हणायचं होतं.”

“तू विचारलंस, किती,” ते खाली बघत म्हणाले. “तोंड उघडलं, आणि आकडाच आला.”

त्या दिवशी मी त्यांना दोन कामं लावली. एक, हॉटेलात जाऊन त्या तिघांना खरं सांगायचं. गेले बिचारे. परत आले ते तोंड पाडून. तिघांनी ऐकून घेतलं आणि एकमेकांकडं बघून माना हलवल्या. “कंपनीनं सरांना गप केलं वाटतं,” असं एक जण म्हणाला. त्यांचे फोन चालूच होते, त्यांना वेटोळ्याची कधी गरज पडलेली नव्हती. आजही त्यातला एक जण भेटला की यांचे आभार मानतो.

दुसरं काम बॅटरीचं. तुळजापुरात दुकानं पालथी घातली. प्रत्येकाकडं ‘ओरिजनल’. वर तोच छाप, तीच अक्षरं, कागद तर आमच्यापेक्षा चकचकीत. पण आत वेटोळं आहे का न्हाय, ते कागद सोलल्याशिवाय दिसत न्हाय, आणि सोलला की संपलंच! शेवटी मलाच सुचलं. फोनच्या खोबणीत पितळी दात चार होते, आमच्या जुन्या बॅटरीलाही जागा चार. दुकानातल्या बॅटऱ्यांना तीनच, म्हणजे चौथी वेटोळ्याचीच असणार. मी दुकानदाराला चौथा कुठं म्हणून विचारलं. तो म्हणाला, “म्याडम, चौथा शोचा असतो.” पंधरा दिवसांपूर्वी यांनी त्याला चौथ्या दातावर तासभर ऐकवलं असतं. आता माझ्यामागं पिशवी धरून उभे होते.

चार दातांची बॅटरी लेकानं पुण्याहून पाठवली, बरोबर नवा बिल्ला, जुन्याची पंधरवड्याची मुदत संपली होती. सकाळी यांनी बॅटरी बसवली, पाठ लावली, आणि फोन दंडाला न लावता माझ्या हातात दिला. माझा चष्माही पुसून दिला. मी फोन दंडाजवळ नेला. गुर्र झालं.

“किती?” त्यांनी विचारलं.

अठ्ठ्याऐंशी होते. क्षणभर मनात आलं, एकशे बावीस म्हणावं आणि चपला घालाव्यात. कळू दे त्यांनाही एकदा, कसं वाटतं. पण त्यांच्या हातात गुळाचा डबा होता, मी न मागता आणलेला.

“अठ्ठ्याऐंशी,” मी म्हटलं. “काल रात्री तर नीट जेवले होते. आज कशानं उतरली असंल?”

त्यांनी तोंड उघडलं. आतड्यापासून यकृतापर्यंत सगळा धडा ओठांवर आलेला मला दिसला. मग तोंड मिटलं, झाकण उघडलं.

“ठाऊक न्हाय गं,” म्हणाले, आणि खडा माझ्यापुढं धरला. मोठा होता. मी सगळा खाल्ला आणि एकटी फिरायला गेले.