रिम्माच्या नळाला गरम पाणी

“हिच्या नळाला गरम पाणी का नाही?” लिंडाने विचारलं.

कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर चालू होता. पडद्यावर कार्टूनमधली रिम्मा थांबवून ठेवली होती. डोक्याला शाम्पूचा फेस, अंगात गाऊन, हातात रिकामी किटली.

“कारण जून महिना आहे,” ग्रिशा म्हणाला.

 ग्रिशा रशियातून आलेला. त्याच्या मते उत्तर पूर्ण झालं होतं. आमचे चेहरे बघून मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे पाणी गरम करण्याचं काम शहराचं. तिथून ते पाइपने घरोघर येतं. दर उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी अख्ख्या भागाचं गरम पाणी काही आठवडे बंद ठेवतात. दरवर्षी लोक चिडतात आणि दरवर्षी पातेली चढवतात.

“म्हणजे हा बिघाड नाही?”

“नाही. टाइमटेबल आहे.”

लिंडाने वहीत काहीतरी लिहिलं. “आमच्या प्रेक्षकाला वाटेल, बाई अडचणीत आहे. प्रेक्षकाला टेन्शन नको. पाणी देऊन टाका.”

“देऊन टाकू,” आमचा मॅनेजर डग म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. पाणी मी द्यायचं होतं.

ही २००२ सालची, अमेरिकेतल्या सांता क्लारातली गोष्ट. इंटरनेट कंपन्यांची हवा गेली होती. आमच्या इमारतीत चार मजले होते, त्यातले दोन रिकामे झालेले. आमचा ग्रुप वेबसाइटसाठी छोटी ॲनिमेशन्स करायचा. रशियात एका चित्रकाराने इंटरनेटवर एक कार्टून मालिका सुरू केली होती. दोन-दोन मिनिटांचे भाग. रिम्मा नावाची पन्नाशीची बस कंडक्टर, तिची पाच मजली इमारत, तिचे शेजारी. तिकडच्या ऑफिसांमध्ये लोक कामं सोडून ते बघायचे. ग्रिशा त्या चित्रकाराबरोबर शाळेत होता. त्याच्या ओळखीने डगने इथले हक्क घेतले. एका केबल वाहिनीच्या वेबसाइटला मालिका हवी होती. लिंडा त्या वाहिनीची. अट एकच, मालिका ‘अमेरिकन प्रेक्षकाला आपली वाटली पाहिजे’.

पहिला भाग पास झाला तर आमचा ग्रुप चालू राहणार होता. नाही झाला तर बंद. हे डगने कधी स्पष्ट बोलून दाखवलं नाही. फक्त आमच्या मजल्यावरचं कॉफी मशीन काढून नेलं आणि नवीन दिलं नाही.

माझा व्हिसा कंपनीचा. मेडिकल इन्शुरन्सही कंपनीचा. मंजिरीला, माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता.

बाळंतपणासाठी तिची आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली होती. एका शनिवारी मी घरी मूळ भाग बघत बसलो होतो. आई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना रशियन येत नाही. इंग्रजी जेमतेम.

मूळ भाग असा होता. रिम्मा केसांना शाम्पू लावते आणि नळ सोडते. नळ खोकतो. ती किटली घेऊन जिन्यात येते. लिफ्ट काही वर्षांपासून बंद, त्यामुळे अख्खी इमारत जिन्यात भेटते. दुसऱ्या मजल्यावरची बाईसुद्धा डोक्याला फेस घेऊन उभी. तिसऱ्यावरचा अर्धी दाढी झालेला. वरात निघावी तशी ही मंडळी वर वर जातात. पाचव्या मजल्यावर एक म्हातारे प्रोफेसर. त्यांच्या गॅसवर चारही पातेली उकळत असतात, कारण त्यांनी तारीख लिहून ठेवलेली असते. शेवटी सात माणसं एका स्वयंपाकघरात डोकी धुतात आणि प्रोफेसर मगाने पाणी ओततात.

आई खुर्चीचा आधार घेऊन हसल्या.

“सुहासराव, हे म्हातारबुवा म्हणजे आमच्या सोसायटीतले कुलकर्णी बरं का. टँकर कधी येणार ते त्यांनाच ठाऊक असतं. परत लावा.”

त्या दिवशी मी चार वेळा लावलं.

सोमवारी लिंडाची यादी आली. एक्सेलमध्ये एकेचाळीस मुद्दे होते. मी एकेक घेत गेलो.

इथे कामाची थोडी माहिती देतो. आम्ही फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. त्यात चित्र थरांमध्ये असतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. एका थरावर जिना, एकावर रिम्मा, एकावर किटली. एक थर काढला तरी बाकीचे हलत नाहीत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने किटली काढणं सोपं आहे.

मुद्दा एक, गरम पाणी. दिलं. पाणी मिळाल्यावर रिम्माने डोकं धुतलं. भाग वीस सेकंदांत संपला.

मुद्दा चार, लिफ्ट. ‘बंद लिफ्ट म्हणजे सुरक्षेचा प्रश्न.’ दुरुस्त केली. मग जिन्यात माणसांना काही काम राहिलं नाही. शेजारी गेले.

मुद्दा नऊ, गाऊनमध्ये घराबाहेर पडणं. आता बाहेर पडायचं कारणच उरलं नव्हतं. आपोआप सुटला.

मुद्दा पंधरा, परक्या माणसाच्या घरात डोकं धुणं. वाहिनीच्या लीगल विभागाला मान्य नाही. प्रोफेसर गेले.

मुद्दा बावीस, बसमधली नोकरी. ‘प्रेक्षक बसने जात नाही.’ रिम्माला गाडी दिली. गाडी आल्यावर पार्किंग लागलं. पार्किंगसाठी इमारत जाऊन बैठं घर आलं. मुद्दा चारमधली दुरुस्त केलेली लिफ्ट वाया गेली.

“उरलेली शंभर सेकंदं कशाने भरायची?” मी डगला विचारलं.

“तिचा दिवस दाखव. नॉर्मल दिवस.”

“कोणाबरोबर?”

डगने यादी बघितली. यादीत कोणी उरलेलं नव्हतं. “सध्या एकटीच राहू दे. सीझन टूमध्ये कुत्रा आणू.”

मग रिम्मा केस वाळवते, मोठ्या मगात कॉफी घेते, गॅरेजचं दार बटण दाबून उघडते, गाडी चालवते, परत येते, दार बंद होतं. ग्रिशाने माझ्या खांद्यावरून पूर्ण भाग बघितला.

“छान झालंय,” तो म्हणाला. “हिला अटक कधी झाली?”

शेवटची पायरी युजर टेस्टिंग. म्हणजे कंपनीबाहेरच्या पाच माणसांना भाग दाखवायचा आणि त्यांचं मत त्यांच्याच शब्दांत नोंदवायचं. डगने माझ्याकडून त्यासाठी वेब फॉर्म बनवून घेतला. नाव, वय, मत. चार जणांनी ‘ओके’, ‘फाइन’, ‘ओके’ आणि ‘बरं’ या अर्थाचं काहीतरी लिहिलं. पाचवं माणूस मिळेना. बाहेर फॉर्म पाठवायला वेळ नव्हता.

“तुझी सासू आली आहे ना?” डग म्हणाला. “कंपनीबाहेरची आहे. झालं तर.”

त्या संध्याकाळी आईंना नवा भाग दाखवला. त्या आधीच हसण्याच्या तयारीने बसल्या. भाग संपला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. खिडकीतून कॉम्प्लेक्सचं पार्किंग दिसायचं. मंजिरी आणि मी कामावर गेलो की त्या दिवसभर तिथेच बसायच्या.

“ही आता इकडे राहायला आली वाटतं,” त्या म्हणाल्या. “घर छान आहे, पाणी आहे, गाडी आहे. पण बिचारीच्या दाराशी दिवसभर कोणी फिरकत नाही हो.”

मी फॉर्म उघडला.

“अरे, नुसतं ‘आवडलं’ लिही,” मंजिरी म्हणाली. “सात आठवडे राहिलेत फक्त. नंतर काय व्हायचं ते होऊ दे.”

“वर लिहिलंय, त्यांच्याच शब्दांत.”

“लिहिणारा तूच ना? आणि तिचे शब्द मराठी आहेत. कोण बघायला येतंय?”

आई आतून म्हणाल्या, “मी काही चुकीचं बोलले का?”

“नाही आई,” मी म्हटलं आणि त्यांची वाक्यं इंग्रजीत जशीच्या तशी टाइप केली. सबमिट केलं. नोंद झाली का ते बघायला पान पुन्हा उघडलं.

मत ‘गाडी आहे. पण’ इथे संपलं होतं.

मताचा रकाना मी ऐंशी अक्षरांचा ठेवला होता. त्याहून मोठं काही टाइप केलं की फॉर्म तक्रार करत नव्हता, उरलेलं गुपचूप टाकून देत होता. बाकी चौघांच्या ‘ओके’मुळे हे लक्षात आलं नव्हतं. दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरली असती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला बसलो.

गुरुवारी तीच कॉन्फरन्स रूम. लिंडाने पाच मतं छापून आणली होती. पहिली चार तिने मनात वाचली. पाचवं मोठ्याने वाचलं.

“‘ही आता इकडे राहायला आली वाटतं. घर छान आहे, पाणी आहे, गाडी आहे. पण.’” तिने कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं. “पण काय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“पण पुढचा भाग कधी,” डग म्हणाला. “तेच म्हणायचं असणार. हो ना, सुहास?”

मी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी पिणाऱ्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा नसते. थोडा वेळ थांबून लिंडा पुढे गेली.

“परदेशातून आलेल्या साठीच्या बाईला, भाषा न कळता, ही अमेरिका आहे हे ओळखता आलं. आम्हाला नेमकं हेच हवं होतं.”

भाग पास झाला. डगने टेबलावर थाप मारली. पुढच्या आठवड्यात कॉफी मशीन आलं.

मीटिंगनंतर ग्रिशाने मला लिफ्टपाशी गाठलं.

“पण काय?”

मी सांगितलं.  तो हसला. मूळ भाग बघताना हसायचा, तसा.

“अख्ख्या मालिकेत एवढा एकच विनोद उरला होता. तोही तू कापलास.”

“रकान्याने कापला.”

“रकाना कोणी बनवला?”

लिफ्ट आली. दोघंही आत शिरलो. तळमजल्याचं बटण मी दाबलं.

मालिकेचे तीन भाग वेबसाइटवर आले. मग वाहिनीने ती बंद केली. ईमेलमध्ये कारण दिलं होतं की प्रेक्षकांच्या मते त्यात काही घडत नाही. आमचा ग्रुप पुढच्या वसंतात बंद झाला. तोपर्यंत आमची मुलगी चार महिन्यांची झाली होती आणि मला दुसरी नोकरी मिळाली होती.

आई नाशिकला निघाल्या तेव्हा ग्रिशाने त्यांच्यासाठी मूळ भागांची सीडी दिली. ती त्यांनी सोसायटीत लावली. कुलकर्ण्यांना प्रोफेसर अजिबात आवडले नाहीत, असं आईंनी फोनवर सांगितलं. एवढ्या माणसांना एकदम पाणी द्यायचं म्हणजे आधी नावं लिहून घ्यायला हवी होती, असं कुलकर्ण्यांचं म्हणणं.

त्यानंतर मी बनवलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये मताचा रकाना पाचशे अक्षरांचा ठेवला आहे. फारसा फरक पडलेला नाही. लोक पाचशे अक्षरं लिहितात आणि वाचणारे अजूनही ‘पण’पाशीच थांबतात.