फळ्यावरचा चौथा रकाना

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘पडताळणी’. हे दुसरं नाव तिला ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा जिना चढताना तिनंच खालून आरोळी ठोकली होती, “आली रे पडताळणी, गप्पा आवरा!”

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत फॉर्मचे गठ्ठे, एक फळा आणि तीन पायांचं टेबल. चौथ्या पायाच्या जागी जुन्या अहवालांची चवड. “आपल्या अहवालांचा कुणाला तरी आधार झालाय,” असं म्हणत ताई ती नव्या माणसाला न चुकता दाखवायची. मागच्या खोलीत सर बसत. एखादी संस्था एखादी योजना चालवते, तिचा लोकांना खरंच उपयोग होतो का, ते घरोघरी विचारून लिहून द्यायचं, हा इथला धंदा. अहवाल सर लिहीत. बाकी सगळं, म्हणजे माणसं निवडण्यापासून त्यांच्या टाचांना मलम पुरवण्यापर्यंत, ताईकडे.

तिची एक खोड होती. दर दहा घरांमागे एका घरी ती स्वतः परत जायची आणि फॉर्मवर लिहिलेलं खरं आहे का ते विचारून यायची. ही खोड उंबऱ्याबाहेर ठेवून घरी येणं तिला कधी जमलं नाही. मुलीनं दात घासले म्हटलं की ही ब्रश ओला आहे का बघणार. नवऱ्यानं गॅस बंद केला म्हटलं की ही स्वयंपाकघरात एक चक्कर मारणार. “आज दहातला नमुना मीच वाटतं,” तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. “मला ती काही विचारत नाही बाबा. सरळ गोळ्या मोजते.”

तर त्या वर्षी काम आलं पाळणाघरांचं. एका संस्थेनं वस्त्यांमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरं काढली होती. लहान मूल असलेल्या चारशे ऐंशी घरांची यादी चिठ्ठ्या टाकून काढलेली. त्या घरांतल्या बायकांना पाळणाघर हवंय का, एवढं शोधायचं. पाव हिश्श्याहून कमी बायकांनी हवं म्हटलं, तर पाळणाघरं बंद करायची, हे संस्थेच्या मॅडमनी आधीच सांगून टाकलं होतं.

आठ सर्वेक्षक, रोज प्रत्येकी सहा घरं, दहा दिवस. ताईनं फळ्यावर तीन रकाने आखले: नाव, वस्ती, पूर्ण झालेली घरं. ज्याची सहा होतील त्याच्यापुढे चांदणी.

काम आठव्या दिवशीच आटोपलं. फळ्यावर चांदण्याच चांदण्या. सर खूश. पहिला हिशेब लागला: शंभरातल्या जेमतेम बावीस बायकांना पाळणाघर हवं. सरांनी अहवालाचा शेवटही लिहून टाकला.

ताईला मात्र चैन पडेना. तिचे सर्वेक्षक तिला चांगले माहीत होते. वेळेआधी ते फक्त जेवायला जात. ती पडताळणीला निघाली. तिसऱ्याच वस्तीत चौदा नंबरच्या घराला कुलूप. शेजारच्या आजी भाजी निवडत बसल्या होत्या; या घराचा फॉर्म भरायला कोण आलं होतं, ते ताईनं त्यांनाच विचारलं.

“ती लांब वेणीवाली मुलगी ना? आली होती की. त्यांच्याकडे कुलूप दिसलं, मग आमच्या सुनेशी बोलून गेली. गोड पोर आहे हो.”

“आणि या चौदा नंबरवाल्या कुठे असतात?”

“ती? कामाला जाते ती. सकाळी सातला बाहेर पडते, संध्याकाळी सातला येते.”

ताई तिथंच पायरीवर टेकली. अकरा वाजता जी घरी सापडते तिला पाळणाघर कशाला हवं? जिला हवं, ती दाराला कुलूप लावून कामावर गेलेली. म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तिलाच कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आठही जणांना बोलावलं. “कुणाला ओरडणार नाहीये. कुलूप होतं म्हणून शेजारचं घर कुणी कुणी घेतलं?”

छताला फार सुंदर काही असावं तसे सगळे वर बघायला लागले. शेवटी लांबवेणी बोलली. “ताई, बंद घरी तीनदा परत जायचं असतं ते माहितेय आम्हाला. पण दोन घरं बंद निघाली की फळ्यावर चारच दिसतात. आणि फळ्यावर बंद घर लिहायला जागाच नव्हती.”

ताईनं फळ्याकडे पाहिलं. रकाने तिनंच आखलेले, चांदण्याही तिच्याच हातच्या. जन्मभर दुसऱ्यांची कामं तपासली, आणि हा फळा तेवढा तपासायचा राहिला होता. तिनं डस्टर उचललं, सगळ्या चांदण्या पुसल्या आणि चौथा रकाना आखला: बंद घरं. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “आता खरे आकडे सांगा.”

एकूण त्र्याऐंशी निघाली.

सरांनी कपाळाला हात लावला. “ताई, शुक्रवारी अहवाल द्यायचाय. आज सोमवार आहे.”

“म्हणून तर आज सांगतेय. आणखी दहा दिवस लागतील.”

“आणि पुन्हा फिरून आकडा बावीसच आला तर?”

“तर बावीसच लिहा. वाढो नाहीतर पडो, विचारून लिहा म्हणजे झालं.”

“मॅडमना कोण सांगणार?”

“मी,” म्हणत तिनं सरांच्याच टेबलावरचा फोन ओढला. काही लपवलं नाही, फळ्याचं सुद्धा. मग मॅडम म्हणाल्या, “आमची चूक झाली असा फोन मला आजवर कुणी केला नव्हता. दहा दिवस घ्या. अकरावा नाही.”

ताईनं वेळापत्रक उलटं केलं. दुपारी सुट्टी, काम सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर. ती स्वतः लांबवेणीला घेऊन चौदा नंबरच्या दारात सव्वासहालाच हजर. आतली बाई एका हातानं मुलाला सदरा घालत होती, दुसऱ्या हातानं डबा भरत होती.

“पाळणाघर? हवंय की!” ती म्हणाली. “पण ते बंद होतं साडेपाचला आणि आमची सुट्टी सहाला. अर्धा तास पोर काय पायरीवर ठेवू? म्हणून बहिणीकडे सोडते, दोन बस बदलून.”

लांबवेणी भराभर लिहीत होती. ताई तोवर मुलाचा दुसरा बूट शोधत होती. तो पलंगाखाली सापडला.

दहा दिवसांत त्र्याऐंशीपैकी चौऱ्याहत्तर दारं उघडली. त्यांतल्या एकसष्ट बायकांना पाळणाघर हवं होतं, आणि बहुतेकींची अडचण तीच, वेळेची. बावीसचे चौतीस झाले. सरांनी लिहिलेला शेवट फाडला आणि नवा लिहिला. ताईचा एकच हट्ट: पहिल्या पानावर लिहा, तीन फेऱ्यांनंतरही नऊ घरं बंदच होती.

“नऊचं काय एवढं?” सर कुरकुरले.

“त्यांचं काय ते आपल्याला माहीत नाही, एवढंच.”

सरांनी लिहिलं.

दीड महिन्यानं मॅडमचं पत्र आलं. पाळणाघरं चालू राहणार, आणि या सोमवारपासून संध्याकाळी सातपर्यंत. सरांनी ते मोठ्यानं वाचलं, लांबवेणीनं शिट्टी मारली, तीन पायांचं टेबल डगमगलं. ताईनं मात्र पर्स खांद्याला लावली.

“आता कुठे?” सरांनी विचारलं.

“आज सोमवारच आहे ना? सातपर्यंत उघडं असतं असं पत्रात लिहिलंय. साडेसहाला जाऊन बघते.”

साडेसहाला पाळणाघराचा दिवा चालू होता. चौदा नंबरवाली दारात वाकून मुलाच्या पायात बूट घालत होती. दोन्ही होते. ताईनं तेवढं बघितलं आणि घरी निघाली. सासूबाईंच्या गोळ्या मोजायच्या राहिल्या होत्या.