तहकूबताईंची सभा

आमच्या समोरच्या दारातल्या ताई पालिकेत कारकून. वय चोपन्न, चष्मे दोन, घरात माणूस एकच. त्यांना 'तहकूबताई' हे नाव मी ठेवलं आणि ते अख्ख्या जिन्याच्या तोंडी बसलं. आता जिभेला हाड नाही, त्याला मी काय करू?

नावामागची गोष्ट अशी. पालिकेने तरुणांसाठी निधी काढला. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनी सभा भरवायची, आपल्या वस्तीत काय हवं ते ठरवायचं, खर्च पालिकेने करायचा. त्यासाठी एक खोली दिली, खुर्च्या दिल्या आणि सगळं सांभाळायला ताई दिल्या. अट एकच, सभेला पंधरा जण हवेत. तीन वर्षांत एकही सभा झाली नाही, तर निधी बंद, खोलीला टाळं आणि ताईंची रवानगी पुन्हा तळघरात, जन्ममृत्यूच्या नोंदींपाशी. तिथे त्यांनी एकवीस वर्षं एकटीने काढली होती.

अडीच वर्षं ताई दर महिन्याला खुर्च्या पुसत, पाण्याचे पेले मांडत, अर्धा तास दाराकडे बघत बसत आणि सुवाच्य अक्षरात लिहीत, 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.'

"काय ताई, आज कोण आलं होतं?" मी जिन्यात अडवायचे.

"पंखा दुरुस्त करणारा."

"वय?"

"चाळिशीचा असेल."

"मग बाद!"

त्या हसायच्या आणि तिथेच रेंगाळायच्या. घरात शिरायची घाई त्यांना कधीच नसे.

एकदा मी कामासाठी पालिकेत गेले, तर सभेची सूचना दिसली. कुठे? घरपट्टीच्या खिडकीशेजारी, काचेच्या फळ्यात, कुलूपबंद! वेळ, बुधवारी सकाळी अकरा.

"अहो, सतरा वर्षांची पोरं घरपट्टी भरायला येतात का? आणि बुधवारी अकराला ती वर्गात डुलक्या काढत असतात!"

"सूचना तिथेच लावायचा नियम आहे, वहिनी."

"मग तिथे एक लावा आणि माणसांत एक लावा."

यावर त्यांनी आठ दिवस विचार केला. मग साहेबांकडे तीन खेपा घालून शनिवारची संध्याकाळ मिळवली. झेरॉक्सच्या दुकानात, केस कापायच्या दुकानात सूचना लागल्या.

त्या शनिवारी मीही गेले. नाक खुपसल्याशिवाय मला अन्न पचत नाही. साडेपाचपर्यंत चौदा जण जमले.

"पंधरावी मी बसते," मी म्हटलं. "केस परवाच रंगवलेत."

"वहिनी, तुमच्या जन्माची नोंद मी स्वतः पाहिली आहे."

पोरं खो खो हसली. तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आली. पंधरावी! ताईंचा चेहरा असा फुललेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी प्रत्येकाला हाताने पाणी दिलं, नाव विचारलं.

पहिला ठराव त्याच मुलीने मांडला. "खोली रोज संध्याकाळी उघडी हवी. किल्ली आमच्याकडे. आणि मॅडम, राग मानू नका, पण पालिकेचं कुणी बसलेलं नको. मोकळं बोलता येत नाही."

पंधरा हात वर गेले. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घालून लिहिलं, 'एकमताने मंजूर.' मग जुडग्यातून किल्ली काढायला लागल्या. कडी घट्ट होती.

"मॅडम, मी काढू?" एका मुलाने विचारलं.

"नको, निघतेय."

निधी वाचला. सोमवारी साहेबांनी ताईंना तळघरात पाठवलं. खोलीला आता कारकून लागत नव्हता.

"विरोध तरी नोंदवायचा होतात!" मी करवादले.

"मला मताचा अधिकार नव्हता. आणि ठराव योग्यच होता."

परवा भाजी घेऊन आम्ही दोघी त्या बाजूने येत होतो. खिडकीत उजेड, आत नुसता कल्ला. ताई थांबल्या.

"चला की आत," मी म्हटलं. "तुमचीच खोली."

"नको वहिनी," त्या म्हणाल्या. "आपण गेलो की गप्प होतील."