बसलेल्या माणसांचे फोटो

ड्रायव्हरकाका उभ्या माणसाचा फोटो कधीच काढत नसत. समोरचा माणूस कुठेतरी टेकल्याशिवाय त्यांचा कॅमेरा डोळ्याला लागायचा नाही. त्यांनी तीस वर्षं लंडनची बस चालवली होती, आणि आरशात त्यांना दिसायची ती दांडीला धरून लोंबकळणारी, घड्याळाकडे बघणारी माणसं. "मी एकटा आरामात बसलेला आणि बाकी सगळे ताटकळत उभे. लाज वाटायची रे," हे ते अगदी गंभीरपणे सांगत. रिटायर झाल्यावर दर वर्षी एकदा ते इराणला जात आणि तिथल्या रस्त्यांवर बसलेली माणसं शोधत हिंडत.

इराणच का, हा प्रश्न लंडनच्या ईलिंग भागातल्या प्रत्येक मराठी घरात त्यांना विचारून झाला होता. स्पेनला जा, स्वित्झर्लंडला जा, असे सल्लेही देऊन झाले होते. काकांचं उत्तर ठरलेलं असे. "तिकडे माणूस बसला की शेजारी सरकून जागा करून देतो. इथे ट्रेनमध्ये शेजारच्या सीटवर बॅग ठेवतात."

मी तेव्हा पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलो होतो आणि काकांच्या घरातली वरची छोटी खोली भाड्याने घेतली होती. एका बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचं काम. दिवसभर स्क्रीन, जाता-येता ट्यूब रेल्वे, घरी आलो की बूट काढायचाही कंटाळा यायचा. रविवारी सकाळी काका हाय स्ट्रीटवरच्या केमिस्टकडून धुऊन आणलेल्या रोलचे प्रिंट जेवणाच्या टेबलावर पसरत, आणि काकू पोह्यांच्या बशा आमच्या मांडीवर ठेवत. इस्फहानच्या बाजारात हातगाडीच्या दांडीवर टेकलेला हमाल. डोक्यावरून घेतलेली चादर सावरत, भाजीच्या पिशव्यांमध्ये पायरीवर बसलेली बाई. बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवून मान मागे टाकलेला टॅक्सीवाला. एकही घुमट नाही, एकही कारंजं नाही. "घुमट पोस्टकार्डावर मिळतात. ही बाई मिळते का बघ," काका म्हणत. त्या दमलेल्या माणसांकडे बघताना मला फार बरं वाटायचं. मी तसाच दमलेला होतो, आणि हे कळणारं त्या अख्ख्या शहरात काकांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

प्रत्येक फोटोच्या ते दोन प्रती काढत. एक घरी, दुसरी पाकिटात. पुढच्या वर्षी ती ज्याची त्याला स्वतः नेऊन द्यायची. अर्धी बॅग पाकिटांनी भरायची. "दोन शर्टांवर पंधरा दिवस काढतात," काकू कुरकुरत आणि उरलेल्या जागेत शेंगदाण्याचे लाडू कोंबत.

एक पाकीट मात्र वर्षानुवर्षं कपाटातच राहिलं. ते इराणमधल्याच यझ्द गावच्या नानवाल्याचं. त्या गावात काका आठवडाभर राहिले होते आणि रोज त्याच्या भट्टीवरचा गरम नान खात होते. शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, आज घरी जेवायला या. काकांनी प्रवासाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, की इराणी माणूस रीत म्हणून आग्रह करतो, आपण तीनदा नाही म्हणावं. शिवाय आपल्याकडे "या एकदा जेवायला" म्हणणाऱ्याच्या घरी खरंच कोणी गेलं तर काय होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हसत, छातीवर हात ठेवून, तीनदा नाही म्हटलं आणि हॉटेलवर येऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी ते नान घ्यायला गेले, तर दुकानात नानवाल्याची मुलगी होती. शाळेत इंग्रजी शिकवणारी. ती म्हणाली, "आम्ही सुफरा घालून वाट पाहत होतो. बाबा जेवलेच नाहीत." सुफरा म्हणजे जमिनीवर अंथरायचं जेवणाचं वस्त्र. नानवाला मागे पिठाच्या पोत्यावर बसला होता. बाहेर बसवाला हॉर्न देत होता. काकांनी सवयीने कॅमेरा उचलला. "माफी मागायची सोडून मी फोटो काढला रे," ते म्हणत. मग तोच प्रिंट माझ्यापुढे धरत. "हा दमलाय का रागावलाय? तू सांग." 

मुलीने पत्ता दिला होता. पोस्टाने पाठवा की, असं मी एकदा सुचवलं. "पोस्टाने फोटो जाईल. माझं काय?" काका म्हणाले. पण पुढच्या वर्षी काकूंचं ऑपरेशन निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी व्हिसा वेळेत आला नाही, आणि मग काकांच्या हृदयाने असहकार पुकारला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फ्लाइटला साफ मनाई केली. त्या रविवारी त्यांनी फोटो पसरले नाहीत. पाकीट माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तू जाशील? माझ्या वतीने एकदा त्यांच्याकडे जेवून ये."

"नक्की जातो काका," मी म्हणालो. आपण म्हणतो तसं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

काकांनी ते खरं धरलं. नंतर दोन वर्षं मी रजेचा विषय काढला की ते आशेने बघत. मी पुण्याला बहिणीच्या लग्नाला गेलो, मग फ्लॅटच्या ताब्यासाठी गेलो, मग प्रोजेक्ट लाइव्ह झालं आणि रजाच मिळेना. काकांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. फक्त "थकलास रे," म्हणत आणि समोरची खुर्ची ओढून देत. मार्चमध्ये ते गेले. त्याच खुर्चीवर, बसल्या बसल्या.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी मी खाली काकूंकडे गेलो, तेव्हा टेबलावर यझ्दचं पत्र होतं. काकांनी तिकडे परस्पर लिहून टाकलं होतं, की आमचा मुलगा येतोय, माझ्या वाटचं जेवेल. मुलीने इंग्रजीत उत्तर पाठवलं होतं. बाबा आता भट्टीवर बसत नाहीत. पण ते रोज विचारतात, मुलगा कधी येणार? आणि तुम्ही मांस खात नव्हता हे आम्हाला आठवतं, तो खातो का?

मी ते दोनदा वाचलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"काय कळवू त्यांना?" काकूंनी विचारलं.

"कळवा ना, मी नक्की—"

"नक्की नको रे बाळा," काकू थकलेल्या आवाजात म्हणाल्या. राग नव्हता त्यात. "तारीख सांग."

मी तिथूनच मॅनेजरला फोन लावला. मग तारीख सांगितली, आणि काकूंनी ती लिहून घेतली.